ठोकळ्यांच्या आगगाडीसाठी उचलता येणारा बेसबोर्ड: आधी रूळ मोजा, मग लाकूड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीबरोबर तुम्ही लेगोची आगगाडी जमिनीवर मांडता, आणि केर काढायची वेळ झाली की मांडलेलं सगळं मोडावं लागतं. म्हणून एक बेसबोर्ड, म्हणजे रूळ आणि इमारती मांडायची पक्की फळी, करायचाय. एरवी तो कपाटाशेजारी उभा राहावा आणि वर्षातून एखाद्या वेळी प्रदर्शनाला मोटारीत घालून नेता यावा. त्यासाठी प्लाय १२ मिमीचा घ्यावा की १८ मिमीचा, एवढंच तुम्ही विचारलंय.

जाडीचं सांगतोच. पण मला वाटतं, खरी अडचण जाडीची नाही. बोर्ड उचलून न्यायचा म्हणजे तो किमान दोन तुकड्यांत असणार, आणि दोन तुकडे म्हटले की मधे सांधा आला. गाडी त्या सांध्यावरून प्रत्येक फेरीत दोनदा जाणार. तो सांधा रुळांच्या कुठल्या जागी पडतो आणि जुळवताना तो किती नेमका बसतो, यावर तुमचा बोर्ड वापरात राहील की नाही हे ठरेल. मी अशा ठोकळ्यांच्या रेल्वेसाठी बरेच बोर्ड केलेत. जे पुढे वापरातून गेले ते सांध्यामुळे किंवा वजनामुळे गेले. प्लाय पातळ पडला म्हणून एकही गेला नाही.

माझा पहिला बोर्ड १२ मिमीच्या एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा) होता, अखंड, साधारण दीड मीटर लांब. एमडीएफ गुळगुळीत असतो, रंग सुरेख बसतो, म्हणून घेतला. नुसती फळीच दहा किलोच्या वर भरली, त्यावर खालची चौकट वेगळी. एकट्याला तो दारातून वळवता येईना. महिनाभर भिंतीला तिरका टेकवून ठेवल्यावर मधोमध पोट आलं ते आलंच. पुढच्या वेळी तोच बोर्ड मधून कापून दोन केले, पण कापताना रुळांचा विचार केला नाही, त्यामुळे सांधा बरोबर एका वळणाच्या तुकड्याच्या पोटात आला. तिथे रूळ सोडवून परत बसवल्याशिवाय बोर्ड वेगळे होत नसत, आणि बसवल्यावर इंजिन तिथेच घसरायचं. एमडीएफच्या कडांना पाणी लागलं की त्या फुगतात, हेही तेव्हाच कळलं. तेव्हापासून मी आधी रुळांची मापं मांडतो आणि त्यावरून लाकडाची काढतो.

ती मापं अशी. स्टड म्हणजे ठोकळ्यावरचा गोल उंचवटा; एका स्टडच्या मध्यापासून शेजारच्या स्टडच्या मध्यापर्यंतचं अंतर ८ मिमी. बेसप्लेट, म्हणजे ज्यावर बांधकाम करतात तो पातळ चौरस तक्ता, ३२ × ३२ स्टडची घेतली तर तिची बाजू २५६ मिमी. रुळाचा सरळ तुकडा १६ स्टड, म्हणजे १२८ मिमी लांब, आणि स्लीपरसकट ८ स्टड रुंद. नेहमीच्या संचांतल्या वळणाची त्रिज्या रुळाच्या मध्यरेषेपर्यंत ४० स्टड. एक तुकडा साडेबावीस अंशांचा, त्यामुळे चार तुकड्यांत काटकोन आणि सोळा तुकड्यांत पूर्ण वर्तुळ होतं. त्या वर्तुळाची बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतची रुंदी ८८ स्टड.

आता ८८ च्या जवळचा बेसप्लेटचा पाढा बघा. तीन बेसप्लेट म्हणजे ९६ स्टड. ८८ वजा केले की आठ उरतात, म्हणजे दोन्ही बाजूंना चार-चार स्टडची मोकळी पट्टी. लांबीत सहा बेसप्लेट घेतल्या तर १९२ स्टड. त्यात दोन्ही टोकांची अर्धवर्तुळं मिळून ८८, मधे प्रत्येक बाजूला सहा सरळ तुकडे म्हणजे ९६, एकूण १८४, आणि पुन्हा टोकांना चार-चार स्टड शिल्लक. हा लांबोळा बरोबर मधून कापला तर प्रत्येक बोर्ड ९६ × ९६ स्टड, म्हणजे ७६८ मिमीचा चौरस होतो. त्यावर नऊ बेसप्लेट, आठ वळणं आणि सहा सरळ तुकडे येतात. मुख्य म्हणजे कापाची रेघ तिसऱ्या आणि चौथ्या सरळ तुकड्याच्या मधे, रुळाच्या स्वतःच्या जोडावर पडते. कुठलाही तुकडा कापावा लागत नाही, की कुठला तुकडा दोन बोर्डांवर अर्धा-अर्धा राहत नाही. दोन्ही बोर्ड एकसारखे असल्याने लाकूडही एकाच मापाने कापता येतं.

हेच माप सगळ्यांनी घ्यावं असं नाही. ते तुमच्याकडचे रूळ, तुमची जागा आणि गाडीची डिकी यांवर ठरेल. डिकीच्या तोंडाचं माप आजच घ्या, आतल्या जागेचं नाही. बोर्ड आत मावतो पण तोंडातून जात नाही, हे मी दोनदा अनुभवलंय. जागा कमी असेल तर सरळ तुकडे कमी करा, पण प्रत्येक बोर्डावर सांध्याकडचा सरळ भाग रुळाच्या जोडावरच संपेल आणि रूळ सांध्याला काटकोनात येतील हे बघा. दोन समांतर मार्ग हवे असतील तर बाहेरच्या मार्गाला ५६ स्टड त्रिज्येची वळणं लागतात. त्यांची रुंदी १२० स्टड होते आणि चार बेसप्लेट लागतात. मग बोर्ड मीटरभर रुंद होतो आणि एकट्याने उचलायचा राहत नाही. तेव्हा दोनाऐवजी चार बोर्ड करावेत. पहिल्या खेपेला मात्र एकच मार्ग घ्या.

आता जाडी. माझं उत्तर: वरची फळी ६ मिमीच्या प्लायची आणि तिच्याखाली ९ मिमीच्या प्लायच्या, ६० मिमी उंच, उभ्या पट्ट्यांची चौकट. फळी सपाट ठेवायचं काम त्या उभ्या पट्ट्या करतात. पट्टी आडवी धरून वाकवा, सहज वाकते. तीच उभी धरून वाकवायला बघा, हलतसुद्धा नाही. हा ताठपणा उंचीच्या घनाच्या पटीत वाढतो, म्हणून जाड फळीत लाकूड घालण्यापेक्षा तेच लाकूड उभं वापरलेलं फायद्याचं. १८ मिमीची नुसती फळी या मापात सहा किलोच्या वर जाते आणि तरीही पावसाळ्यात पीळ धरू शकते. ६ मिमीची चौकटीसकट साडेतीन-चार किलोत बसते. मधल्या आडव्या पट्ट्या दोन ठेवा, आणि त्या बेसप्लेट एकमेकींना भिडतात तिथेच, म्हणजे कडेपासून २५६ आणि ५१२ मिमीवर. ठोकळा दाबून बसवताना सगळ्यात जास्त जोर त्या भेटीच्या रेघेवर येतो. खाली पट्टी असली की फळी दबत नाही आणि शेजारच्या प्लेटवरचं बांधकाम उखडत नाही.

थर्माकोलसारख्या हलक्या, पण घट्ट दाबलेल्या फोमच्या पाट्यांवरही काही जण बोर्ड करतात. वजनाला त्या उत्तम. पण ठोकळ्यांच्या खेळात वरून अंगठ्याने दाबणं सारखं चालू असतं आणि फोमला खड्डे पडत जातात. वर प्लायची कातडी लावणार असाल तरच तो मार्ग घ्या.

लाकूड कापायच्या आधी तीन बेसप्लेट एका ओळीत ठेवून, त्या भिडतात तिथे वरून लेगोच्या छोट्या चपट्या प्लेटा दाबून पक्क्या करा आणि त्यांची खरी लांबी पट्टीने मोजा. ती ७६८ पेक्षा किंचित कमी भरते, कारण प्रत्येक बेसप्लेट शेजारणीला जागा राहावी म्हणून केसभर लहान असते. फळी ७७० मिमीची कापून घ्या आणि उरलेली मोकळीक बाहेरच्या कडांना जाऊ द्या. सांध्याच्या कडेला मोकळीक नको. तिथे बेसप्लेटची कड आणि लाकडाची कड एका रेषेत हवी. प्लेट पुढे आली तर बोल्ट आवळताना ती वर उचलली जाते, मागे राहिली तर रुळांत फट पडते.

आता सांधा कसा करायचा ते नीट सांगतो, कारण बोर्डाचा जीव इथे आहे. दोन्ही बोर्डांच्या सांध्याकडच्या पट्ट्या ९ मिमीऐवजी १८ मिमीच्या घ्या. बोल्टचा ताण त्यांच्यावर येतो. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर तंतोतंत ठेवून क्लॅम्पने आवळा आणि चार भोकं एकाच खेपेत दोन्हींतून आरपार पाडा: टोकांजवळ दोन डॉवेलसाठी (जुळवणीच्या गोल खुंट्यांसाठी), त्यांच्या आत दोन ८ मिमीच्या बोल्टसाठी. मोजून वेगवेगळी भोकं पाडू नका. कितीही काळजीने मोजलं तरी अर्धा मिमी इकडेतिकडे होतो, आणि अर्धा मिमी म्हणजे रुळाला पायरी. जुळवायचं काम डॉवेल करतात, बोल्ट फक्त आवळून धरतात. म्हणून डॉवेल भोकात घट्ट हवा आणि बोल्टचं भोक जरासं सैल चालतं. पितळी डॉवेल आणि ते ज्यांत शिरतात त्या त्यांच्या वाट्या मिळाल्या तर त्याच लावा. लाकडी डॉवेल काढघाल करून झिजतात. बोल्टला पंखांचा नट आणि मोठा वॉशर लावा, म्हणजे पाना न शोधता बोटांनी आवळता येतं.

यापुढची पायरी बरेच जण गाळतात. त्या दोन पट्ट्या डॉवेल-बोल्ट घालून जोडलेल्याच राहू द्या आणि दोन्ही बोर्ड एक अखंड बोर्ड असल्यासारखे बांधा. घरातली सगळ्यात सपाट फरशी निवडा. दोन्ही वरच्या फळ्या पालथ्या घालून सांध्याच्या कडेला भिडवा. त्या कडेवर जोडलेल्या पट्ट्यांची जोडी उभी करा. दोन पट्ट्यांमधे आणि दोन फळ्यांमधे प्लॅस्टिकचा कागद सरकवा, नाहीतर गोंद झिरपून बोर्ड कायमचे एक होतील. मग बाकीची चौकट गोंद आणि बारीक स्क्रूंनी फळ्यांवर बसवत जा. प्रत्येक कोपरा गुण्याने (सुताराच्या काटकोनी पट्टीने) तपासा आणि शेवटी दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे असले की चौरस खरा. वर वजन ठेवून रात्रभर वाळू द्या. दोन्ही फळ्यांचा वरचा पृष्ठभाग एकाच फरशीवर टेकून तयार झाल्यामुळे ते आपोआप एका पातळीत येतात. आधी दोन बोर्ड स्वतंत्र बांधून मग जुळवायला गेलं की ही पातळी क्वचितच मिळते.

वाळल्यावर बोर्डाला दोन्ही अंगांनी रंग किंवा सीलर द्या. खालचं अंग कुणाला दिसत नाही म्हणून कोरं सोडलं, तर हवेतला ओलावा एकाच बाजूने आत शिरतो आणि फळी वाकते.

बेसप्लेट चिकटवाव्यात का, हा पुढचा प्रश्न येईलच. मी चिकटवत नाही. दोन-तीन वर्षांत मांडणी बदलावीशी वाटते आणि चिकटलेली प्लेट काढताना हमखास तडकते. सांध्याची कड सोडून बाकी तीन कडांना लाकडी बीडिंगची पट्टी अशी लावा की ती फळीच्या वर १५ मिमी डोकावेल. बेसप्लेट तिच्या आत बसतात आणि सरकत नाहीत, आणि घसरलेलं इंजिन टेबलावरून खाली पडत नाही. सांध्याकडच्या तीन प्लेटांना मात्र पुढून आधार नसतो, म्हणून त्यांच्या खाली दुहेरी टेपचे छोटे तुकडे लावतो. एकदा रूळ आणि बांधकाम प्लेटांच्या भेटीवरून आडवं गेलं, की नऊच्या नऊ प्लेटा मिळून एकच चादर होते.

बेसप्लेट पुरेशा नसतील तर त्यांच्यावाचूनही भागतं. फळीला रंग द्या आणि रुळाच्या प्रत्येक जोडाखाली २ × ८ स्टडची एक छोटी प्लेट आडवी लावा. रूळ तिच्यावर दाबून बसतात आणि जोड उघडत नाही. या प्लेटा बारीक स्क्रूने लाकडाला धरून ठेवा. मुलीला बांधकाम करायला मात्र स्टड हवेतच, त्यामुळे निदान मधल्या भागात तरी बेसप्लेट ठेवाव्यात असं मी म्हणेन. रुळांच्या आतल्या कडांमधे ७२ स्टड रुंदीची जागा मिळते, स्टेशन आणि दोन-तीन इमारतींना पुरेल एवढी.

आवाजाचं म्हणाल, तर पोकळ चौकटीवरचा पातळ प्लाय ढोलासारखा वाजतो. फळी आणि बेसप्लेट यांच्यामधे २ मिमीचा घट्ट ईव्हीए फोम घातला तर बराच फरक पडतो. मऊ, जाड फोम घालू नका. त्यावर प्लेट लचकते आणि ठोकळे नीट बसत नाहीत.

वीज हा विषय तुमच्यापुरता बहुधा छोटाच आहे. हल्लीच्या संचांत बॅटरी गाडीतच असते आणि रूळ निव्वळ प्लॅस्टिकचे असतात, त्यामुळे बोर्डाखाली काहीच लागत नाही. १९९१ पासून २००७ पर्यंत निघालेले ९ व्होल्टचे धातूचे रूळ कुणाकडून मिळाले असतील तर गोष्ट वेगळी. त्यांत वीज रुळांतून धावते, म्हणून प्रत्येक बोर्डावर रुळांना वेगळी वायर द्या आणि सांध्यापाशी खालून प्लगने जोडा. नुसत्या रुळांच्या जोडावर विसंबलं की दूरच्या वळणावर गाडी मंदावते.

रूळ बसवताना सांध्यालगतचा प्रत्येक सरळ तुकडा सुटा ठेवा, दोन्ही बोर्डांवर मिळून चार. रुळाच्या टोकाची जीभ बोर्डाच्या कडेबाहेर येते, आणि ने-आण करताना सगळ्यात आधी तीच मोडते. जोडताना बोर्ड बोटभर अंतरावर ठेवा, चारही तुकडे आपापल्या बोर्डावर बसवा आणि मग बोर्ड रुळांच्या दिशेनेच सरळ सरकवत आणा. आधी डॉवेल वाट्यांत शिरतात, मग दोन्ही रुळांचा एकामागून एक ‘टक्’ ऐकू येतो. दोन्ही आवाज आल्याशिवाय बोल्ट आवळू नका. एकच आला असेल तर बोर्ड तिरपा आहे. परत मागे घ्या, जोर लावू नका.

मग डोळा रुळाच्या पातळीवर आणून एका टोकाकडून बघा. पायरी असेल तर इथे दिसते. त्यापेक्षाही खात्रीचं म्हणजे नख. अंगठ्याचं नख रुळाच्या माथ्यावरून सांध्यापलीकडे हळू ओढा, आणि मग उलट दिशेने. एका दिशेने नख सटकन जातं आणि दुसऱ्या दिशेने अडकतं, तेव्हा कुठला बोर्ड वर आहे ते नेमकं कळतं. कागदाची एक घडी योग्य कोपऱ्याखाली सारली की बहुतेक वेळा पायरी जाते. बाहेर नेल्यावर टेबलं कधीच एका उंचीची नसतात, म्हणून मी प्रत्येक कोपऱ्यात चौकटीच्या आत लाकडाचा ठोकळा बसवून त्यात रबरी टोकाचा ८ मिमीचा स्क्रू-पाय लावतो. पाणसळ ठेवायची, पाय फिरवायचा, झालं.

इमारती पक्क्या करायच्या आधी आणखी एक तपासणी करा. तुमच्याकडच्या सगळ्यात लांब डब्याच्या पुढच्या बाहेरच्या कोपऱ्याला पेन्सिल उभी चिकटवा, बोर्डावर कागद पसरा आणि डबा हाताने पूर्ण वळणावरून फिरवा. दुसऱ्या फेरीला पेन्सिल डब्याच्या आतल्या बाजूला मधोमध लावा. दोन रेघांच्या मधली जागा गाडीची, तिच्यात खांब, झाड किंवा फलाटाची कड येऊ द्यायची नाही. वळणावर लांब डब्याचे कोपरे बाहेर येतात आणि पोट आत शिरतं, आणि बाहेरचे चार स्टड त्याला पुरतात की नाही हे अंदाजाने कळत नाही. पुरत नसतील तर बीडिंग ठोकायच्या आधीच फळी तेवढी रुंद घ्या. रेघा काढायचं हे काम मुलीला द्या. मी पाहिलंय, ज्या मुलांनी स्वतः ती रेघ काढलेली असते ती फलाट कधी रुळाला चिकटवून बांधत नाहीत.

ने-आण करताना दोन्ही बोर्ड तोंडाला तोंड करून ठेवा. त्यासाठी प्लायच्या दोन उभ्या पाट्या कापा, सगळ्यात उंच इमारतीपेक्षा थोड्या उंच, आणि बोर्डांच्या दोन विरुद्ध कडांना बोल्टने लावा. मग खोकं तयार होतं आणि बांधकाम आत सुरक्षित राहतं. मोठे मनोरे, सिग्नलचे खांब आणि गाड्या मात्र काढून वेगळ्या डब्यात. उन्हात उभ्या मोटारीत हे खोकं सोडून जाऊ नका, पातळ बेसप्लेट उष्णतेने वाकतात आणि मग त्या सपाट होत नाहीत. घरी ठेवताना खोकं कडेवर, अगदी ओळंब्यात उभं ठेवा, भिंतीला तिरकं टेकवू नका. सांध्याची कड वर येऊ द्या, म्हणजे फरशी पुसताना तिला पाणी लागत नाही आणि डॉवेलच्या वाट्यांत कचरा जात नाही.

प्लाय आणायला जाण्यापूर्वी आज संध्याकाळी सोळा वळणं आणि बारा सरळ तुकडे जमिनीवर मांडून पट्टीने मोजा. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रुंदी ७०४ मिमी आणि लांबी १४७२ मिमी यायला हवी. तेवढी आली तर वरची सगळी मापं तुम्हाला जशीच्या तशी लागू आहेत. नाही आली तर तुमच्याकडच्या वळणांची त्रिज्या वेगळी आहे. ती मापं इथे लिहा, त्याप्रमाणे बोर्ड किती बेसप्लेटचा घ्यायचा ते काढून देतो.